क्रॉनिक ल्युकेमिया असेल तर त्वचेकडेही बघा: घरच्यांसाठी पायरीपायरीने

बाबांच्या नाकाशेजारी, चष्मा टेकतो त्याच्या जरा खाली, एक काळसर पुटकुळी होती. मसुराच्या दाण्याएवढी, कडेला मोत्यासारखी चमक. दीड वर्ष आम्ही सगळे तिला चामखीळ म्हणत होतो. त्या दीड वर्षात बाबा दर तीन महिन्यांनी रक्ताच्या डॉक्टरांकडे जात होते, कारण त्यांना सीएलएल आहे, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, हळू वाढणारा रक्ताचा एक कॅन्सर. सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी) बघायचा, मानेतल्या-काखेतल्या गाठी चाचपायच्या, वजन लिहायचं आणि नवी मुंबईत ऐरोलीला घरी परत. पुटकुळीबद्दल कोणी विचारलं नाही आणि आम्हीही दाखवली नाही. एक दिवस टॉवेलला रक्त लागलं तेव्हा स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. बायोप्सीत, म्हणजे छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, बेसल सेल कार्सिनोमा निघाला, त्वचेचा कॅन्सर.

हा प्रकार हळू वाढतो आणि क्वचितच शरीरात पसरतो, म्हणून तो पूर्ण काढता आला. पण नाकाशेजारी दीड वर्ष वाढू दिल्यामुळे खड्डा मोठा झाला आणि गालाची त्वचा सरकवून तो बुजवावा लागला. सुरुवातीला दाखवलं असतं तर दोन-चार टाक्यांत भागलं असतं.

मी डॉक्टर नाही, पेशंटची मुलगी आहे. ज्यांच्या घरात नुकतंच क्रॉनिक ल्युकेमियाचं निदान झालंय त्यांच्यासाठी, आम्हाला जे उशिरा कळलं ते लिहिते आहे. औषधात कुठलाही बदल मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आधी एक गैरसमज

"आपण काय गोरे साहेब आहोत का, आपल्याला कुठे होतोय त्वचेचा कॅन्सर," असं बाबा म्हणाले होते. त्यात अर्धं खरं आहे. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे सावळा रंग देणारं द्रव्य, उन्हापासून बरंच संरक्षण देतं, आणि भारतातल्या एकूण कॅन्सरमध्ये त्वचेच्या कॅन्सरचा वाटा लहान आहे. पण सीएलएलच्या पेशंटना त्वचेचा कॅन्सर होण्याचा धोका काही अभ्यासांत आठ पटींपर्यंत आणि मेलानोमाचा (रंगपेशींपासून होणारा त्वचेचा कॅन्सर) दोन ते चार पट जास्त दिसला आहे. हे अभ्यास मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांवरचे आहेत. मुळात लहान असलेला धोका काही पट झाला तरी तो फार मोठा होत नाही, त्यामुळे घाबरून रात्रीची झोप उडवून घेऊ नका.

राहिलेलं अर्धं मात्र आम्हाला महागात पडलं. सीएलएलमध्ये पांढऱ्या पेशी संख्येने भरपूर असतात, पण त्या कामाच्या नसतात. बिघडलेल्या पेशी ओळखून मारणारी आपली पहारेकरी यंत्रणा थकलेली असते. म्हणून कॅन्सर झालाच तर तो जास्त जोमाने वाढतो आणि काढल्यावर परत येण्याची शक्यताही जास्त असते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या एका अभ्यासात सीएलएलच्या पेशंटमध्ये स्क्वेमस सेल कार्सिनोमा (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर) शस्त्रक्रियेनंतर परत येण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे सात पट होतं. उपचार सुरू नसले, नुसतं 'वॉच अँड वेट', म्हणजे औषध न देता लक्ष ठेवणं, चालू असलं, तरी हा धोका असतोच. आम्हाला वाटायचं की गोळ्या सुरू नाहीत म्हणजे सगळं ठीक आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे हा कॅन्सर बऱ्याचदा उन्हाशी संबंध नसलेल्या जागी होतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण या लेखात सगळ्यात कामाचं तेच आहे.

पहिली पायरी: आजाराचं पूर्ण नाव वहीत लिहा

'ब्लड कॅन्सर' एवढ्याने भागत नाही. फाइलमध्ये सीएलएल लिहिलंय की सीएमएल, ते बघा. सीएलएलमध्ये धोका मुख्यतः आजारामुळेच येतो. सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, आपल्याकडे जास्त दिसतो आणि तुलनेने तरुण वयात होतो. तिथे औषधांकडे जास्त लक्ष द्यायचं. निदान कोणत्या वर्षी झालं, आधी कोणकोणते उपचार झाले आणि कधी, हेही त्याच पानावर लिहून ठेवा.

दुसरी पायरी: त्वचेचा जुना इतिहास

एका रविवारी चहा घेत बसा आणि पेशंटला बोलतं करा. आमचे बाबा ऐंशीच्या दशकात नवी मुंबई उभी राहत होती तेव्हा जमीन मोजणीची कामं करायचे. वाशी-नेरूळच्या उघड्या माळावर, डोक्याला रुमाल गुंडाळून, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. अशी तीस वर्षं. तुमच्याकडे कोणी उरणकडच्या मिठागरात राबलं असेल, कोणी होडीवर, कोणी भातशेतीत, कोणी रस्त्यावर ट्रॅफिक सांभाळत. किती वर्षं आणि शरीराचा कोणता भाग उघडा, एवढं लिहा.

मग हे प्रश्न विचारा. अंगावर भाजल्याचा जुना व्रण आहे का? स्टोव्हचा भडका, सायलेन्सरचा चटका, लहानपणी सांडलेलं गरम पाणी, काहीही. वर्षानुवर्षं न भरणारी जखम किंवा पायाचा अल्सर आहे का? कोडासाठी किंवा सोरायसिससाठी गोळी घेऊन दिव्याखाली उभं राहण्याचे उपचार झाले होते का? कधी शेक, म्हणजे रेडिएशन, दिलं होतं का? धातूंची भस्मं असलेली औषधं खूप वर्षं घेतली होती का? काहींमध्ये आर्सेनिक असतं आणि त्याचा परिणाम त्वचेवर कित्येक वर्षांनी दिसतो. आधी कधी त्वचेची गाठ काढली असेल तर तिचा रिपोर्ट शोधून काढा. ज्याला एकदा त्वचेचा कॅन्सर झालाय त्याला दुसरा होण्याची शक्यता बरीच वाढते.

तिसरी पायरी: गोळ्यांची पिशवी टेबलावर ओता

चालू आणि जुनी, सगळी औषधं. रक्ताच्या डॉक्टरांची तर हवीतच, पण बीपीची, गुडघ्याची, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलीही.

हायड्रॉक्सियुरिया: सीएमएलमध्ये सुरुवातीला पेशी खाली आणायला देतात, आणि रक्ताच्या काही जवळच्या आजारांत वर्षानुवर्षं चालू असते. दीर्घकाळ घेतल्यास उन्हात उघड्या राहणाऱ्या भागांवर त्वचेचा कॅन्सर आणि घोट्याजवळ न भरणारी जखम होऊ शकते. नखांवर काळ्या रेघाही येतात, त्या सहसा अनेक नखांवर एकदम येतात. एकाच नखावरची वाढत जाणारी रेघ ही वेगळी गोष्ट आहे, ती दाखवायलाच हवी.

इमॅटिनिब: सीएमएलची नेहमीची गोळी. त्वचेच्या रंगपेशींना लागणारं 'किट' नावाचं एक प्रथिनही ती अडवते, त्यामुळे कित्येकांचा रंग उजळतो. नातेवाईक कौतुक करतात, "काय गोरा झालास रे!" पण तो उजळपणा म्हणजे कमी झालेलं मेलॅनिन. उन्हापासूनचं आपलं घरचं संरक्षण तेवढं पातळ झालं, असं धरून वागा.

सीएलएलमध्ये फ्लुडाराबिन हे केमोचं औषध मिळालं असेल तर तारखेसह नोंद करा, कारण ते टी-पेशी, म्हणजे पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी, बराच काळ दाबून ठेवतं. बुरशीच्या संसर्गासाठी व्होरिकोनाझोल महिनोन्महिने चालू असेल तर त्वचा उन्हाला हळवी होते आणि पुढे स्क्वेमस सेलचा धोका वाढतो. बीपीच्या गोळीच्या नावाला शेवटी 'एच' लागला असेल तर तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. खूप वर्षं घेतलेल्यांमध्ये त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढलेला डेन्मार्कमधल्या अभ्यासांत दिसला आहे. गोळी मनाने बंद करू नका, फक्त "दुसरी चालेल का?" एवढं विचारा. आमच्या डॉक्टरांनी एका मिनिटात बदलून दिली.

चौथी पायरी: महिन्यातून एकदा अंग नीट बघणं

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही.

आमच्याकडे महिन्याचा पहिला रविवार ठरलाय. अंघोळीनंतर, खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली पुष्कळ गोष्टी निसटतात. हातात एक छोटा आरसा, मोबाइलचा टॉर्च आणि वही. टॉर्च समोरून न मारता बाजूने, तिरका धरा. उंचवटा आणि चमक लगेच कळते.

सुरुवात टाळूपासून. केस असतील तर कंगव्याने भांग पाडत जा, टक्कल असेल तर काम सोपं. आमच्या सेक्टरमधल्या सलूनवाल्या दादांनाही मी सांगून ठेवलंय की बाबांच्या डोक्यावर किंवा मानेमागे नवं काही दिसलं तर मला सांगा. महिन्यातून एकदा इतक्या जवळून ते डोकं बघणारा दुसरा माणूस नाही. मग कानाची पाळी, कानामागे, चष्म्याची काडी बसते ती खाच. पापण्यांच्या कडा, नाकाच्या बाजू, खालचा ओठ. तोंड उघडायला लावलंच आहे तर गालाच्या आतूनही बघा, विशेषतः तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल तर.

हात, पाठ, पोट हे सगळे बघतातच. त्यापुढे जिथे कोणी बघत नाही तिथे थांबा.

कंबर. साडी नेसणाऱ्या बायकांच्या कमरेवर परकराच्या नाडीचा काळा वळ असतो. रोज त्याच जागी घासून, घामाने कातडी जाड होते, कधी सोलवटते. क्वचित, अनेक वर्षांनी, त्या वळातच कॅन्सर होतो. धोतराच्या गाठीचंही तसंच. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच 'धोती कॅन्सर'चं वर्णन छापलं होतं. इतकी जुनी, आपल्याच शहरातली माहिती, आणि तरी घराघरात ती पोचलेली नाही याचं मला वाईट वाटतं. वळात न भरणारी चीर, जाड होत जाणारी कड किंवा फुलकोबीसारखा उंचवटा दिसला तर मलम लावत बसू नका. आणि वळ नुसताच असेल तर नाडीऐवजी रुंद पट्टा शिवून घ्या, गाठीची जागा बदलत राहा.

भाजल्याचे आणि जखमांचे जुने व्रण. व्रणाच्या आत नवीन फोड, खपली, दुर्गंधी किंवा कडक कड आली तर ते साधं नाही. स्क्वेमस सेल कार्सिनोमा आपल्याकडे अशा जागी बऱ्याचदा सापडतो.

तळपाय, तळहात, नखं. गडद त्वचेच्या लोकांत मेलानोमा होतो तेव्हा तो पुष्कळदा इथेच होतो, आणि उन्हाचा त्यात काही हात नसतो. टाच, बोटांच्या बेचक्या, अंगठ्याचं नख. लोक त्याला भोवरी समजतात, नखुरडं समजतात, चप्पल लागली म्हणतात. मार लागून काळं झालेलं नख वाढेल तसं डाग पुढे सरकतो आणि काही महिन्यांत निघून जातो, पायाच्या अंगठ्याला त्याहून जास्त लागतात. जी काळी रेघ तिथेच राहते, रुंदावते किंवा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरते, ती तातडीने दाखवा. नेलपॉलिश त्या दिवशी पूर्ण पुसलेलं हवं.

आणि जांघ, गुप्तांग, स्तनांखालची घडी. बाबा तिथे मला बघू देणार नाहीत, हे उघड आहे. त्यांना छोटा आरसा देऊन मी बाहेर जाते. पाठ आई बघते. कोण कुठे बघणार हे एकदा ठरलं की संकोच कमी होतो.

दिसलेल्या प्रत्येक संशयास्पद जागेचा फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. तारीख वहीत. पुढच्या महिन्यात त्याच उजेडात परत फोटो. नजरेला वाटतं 'तेवढंच आहे', फोटो खरं सांगतो.

पाचवी पायरी: काय दिसलं तर थांबायचं नाही

चार आठवड्यांत न भरलेली जखम. खपली पडते, परत येते, परत रक्त येतं, असं चक्र. एकच तीळ जो बाकी तिळांपेक्षा वेगळा दिसतो, किंवा ज्याचा आकार, कड, रंग बदलतोय. मोत्यासारखी चमक असलेली गाठ. आपल्याकडे बेसल सेल अनेकदा काळसर असतो, म्हणून तो तीळ किंवा चामखीळ वाटतो, आणि आमची फसगत तिथेच झाली. वयस्कर माणसाच्या चेहऱ्यावर आठवड्यांत वाढणारी, न दुखणारी, लालसर-जांभळी गाठ दिसली तर त्याच आठवड्यात दाखवा. मर्केल सेल कार्सिनोमा अशी दिसते. ती फार दुर्मीळ आहे, पण सीएलएलमध्ये तिचं प्रमाण वाढतं आणि ती लवकर पसरते.

सीएलएलच्या पेशंटना काखेत-मानेत गाठी असतातच, त्यामुळे एक घोळ होतो. हातावर किंवा चेहऱ्यावर जखम आहे आणि त्याच बाजूची एक गाठ बाकीच्यांपेक्षा झपाट्याने वाढते आहे, असं दिसलं तर "ल्युकेमियाचीच असेल" म्हणून सोडू नका.

उलट बाजूही सांगते. सीएलएलमध्ये डास-मुंग्या चावल्यावर मोठमोठे फोड येऊ शकतात, नागीणही जास्त वेळा होते. हे कॅन्सर नव्हेत, पण दाखवायचे आहेतच. नागिणीचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं.

एक हात जोडून विनंती: चामखिळीला घोड्याचा केस बांधणं, चुना-सोडा लावणं, पार्लरमध्ये जाळून घेणं, हे या पेशंटच्या बाबतीत अजिबात नको. जखम चिघळते, आणि जे तपासायला हवं होतं तेच नष्ट होतं.

सहावी पायरी: स्किनच्या डॉक्टरांकडे

निदान झाल्यावर एकदा, काही दिसत नसलं तरी, डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करून घ्या आणि मग वर्षातून एकदा. सीएलएलमध्ये वार्षिक तपासणीचा सल्ला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही आहे. त्वचेचा कॅन्सर एकदा होऊन गेला असेल, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीत बऱ्याच 'हो' आल्या असतील, तर दर तीन ते सहा महिन्यांनी. नेमकं अंतर डॉक्टर ठरवतील.

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र) किंवा दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये फाइल असेल तर रक्ताच्या डॉक्टरांकडूनच स्किनसाठी चिठ्ठी मागा, म्हणजे दोघांच्या नोंदी एका जागी राहतात. ठाण्याकडच्यांना कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ आहे, तिथे मेडिकल कॉलेज आहे. कुठेही गेलात तरी आत शिरल्याशिरल्या पहिलं वाक्य हे: "यांना सीएलएल आहे, पूर्ण अंग तपासून द्याल का?" नुसती पुटकुळी दाखवली तर नुसती पुटकुळीच बघितली जाते. सहज काढता येतील असे कपडे, मेकअप नाही, बूट-मोजे नाहीत. वही आणि फोटो हातात.

डॉक्टर डर्मोस्कोप नावाचं भिंग लावून बघतात, त्यात दुखत नाही. शंका आली तर बायोप्सी. इथे तीन गोष्टी तुम्ही स्वतःहून सांगायच्या. एक, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, किती आहेत, ताज्या रिपोर्टसह. दोन, इब्रुटिनिब ही सीएलएलची गोळी किंवा त्या गटातली गोळी चालू आहे का. त्याने रक्तस्राव वाढतो, म्हणून छोट्या कामाआधी साधारण तीन आणि मोठ्या शस्त्रक्रियेआधी सात दिवस ती थांबवतात. पण हा निर्णय रक्ताच्या डॉक्टरांचा, तेव्हा दोन्ही डॉक्टरांचं बोलणं करून द्या. ॲस्पिरिन घेत असाल तर तेही सांगा. तिसरी गोष्ट शेवटी सांगते.

उन्हाबद्दल थोडक्यात

ठाणे-नवी मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्यावरून एक सोपा नियम आम्ही घेतला: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर बाहेर पडायचं नाही, पडलंच तर छत्री. बाबांचं फिरणं सकाळी आठच्या आत उरकतं. पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा सुती शर्ट, कान झाकणारी टोपी. रुमालाने कान उघडेच राहतात. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा ५०, चेहरा-मानेला दोन बोटं भरून, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी. ढगाळ दिवशीही. ऊन टाळल्याने ड जीवनसत्त्व कमी पडेल अशी काळजी असेल तर तपासून गोळी घ्या.

बायोप्सीनंतर

ती राहिलेली तिसरी गोष्ट. तुकडा लॅबला जातो त्या फॉर्मवर 'सीएलएल' हा शब्द लिहिलाय ना, हे स्वतः वाचून बघा. या पेशंटच्या त्वचेत ल्युकेमियाच्या लिम्फोसाइट पेशी गाठीभोवती गोळा झालेल्या असू शकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरची खरी हद्द त्यांच्या गर्दीत झाकली जाते. तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांना, म्हणजे पॅथॉलॉजिस्टला, आधी माहीत असेल तर ते त्या नजरेने बघतात. शस्त्रक्रियेच्या रिपोर्टमध्ये 'मार्जिन' या शब्दापुढे काय लिहिलंय ते विचारा. कड मोकळी आहे का, आणि किती मिलिमीटर. जखम भरायला इतरांपेक्षा वेळ लागू शकतो. ताप, पू किंवा वाढती लाली दिसली तर टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका.

बाबांच्या पहिल्या शस्त्रक्रियेला वर्ष होत आलं तेव्हा एका रविवारी आईला त्यांच्या डाव्या कानामागे एक खरखरीत डाग सापडला. फोटोत तो नाण्यावरच्या एका आकड्याएवढाही नव्हता. त्याच आठवड्यात दाखवला. कॅन्सरच्या आधीची पायरी होती. डॉक्टरांनी द्रव नायट्रोजनने तो गोठवला, आणि अर्ध्या तासात आम्ही ऐरोलीच्या रिक्षात होतो.